नमुनेबाई

साहेबांनी राजीनामा वाचला, कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"किती देताहेत?"

"कोण?" नमुनेबाईंनी विचारले.

"आता मलाच वेड्यात काढा! पुलापलीकडचा शर्टवाला, दुसरं कोण? मागे माझा कटिंगमास्तर पळवला, आता तुमच्यावर डोळा."

"नाही हो साहेब. कुणाकडे जात नाहीये. माझं स्वतःचंच काढतेय."

"बुटिक!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "हल्ली ज्याला त्याला बुटिकचं वेड लागलंय."

"बुटिक नाही. ज्यांचे हात वळत नाहीत, बोटं चालत नाहीत, जे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्यासाठी कपडे शिवणार. दिसायला चारचौघांसारखाच शर्ट. फक्त घालायला सोपा."

साहेब पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. हा विनोद असेल तर तो अजून संपायचा आहे, असा त्यांचा चेहरा होता. मग म्हणाले, "आजारी माणसाला गाऊन पुरतो हो बाई. तो कुठे मिरवायला जाणार आहे?"

"समजा, उद्या तुमचा हात आखडला. मग गाऊन घालून बसाल इथे, गिऱ्हाइकांसमोर?"

साहेबांनी नकळत दोन्ही खांदे हलवून पाहिले. "शुभ बोला की जरा!" ते म्हणाले आणि दोघांनाही हसू आले.

या कारखान्यात बाईंची उमर गेली होती. कुठलाही नवा शर्ट बाजारात जाण्याआधी त्याचा पहिला नग त्यांच्या मशीनवरून उतरायचा. तो पसंत पडला की खालच्या हॉलमध्ये तसे हजारो शिवले जायचे. म्हणून सगळे त्यांना नमुनेबाई म्हणत. नव्याने लागलेल्या मुली आधी तोंडावर हात ठेवून हसत, कारण माणसाला नमुना म्हटले की दुसराच अर्थ डोक्यात येतो. बाईंना त्याचे काही वाटत नसे. खालून फोन आला की त्या स्वतःच म्हणत, "हं, वरून नमुना बोलतेय."

साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "तुमची खुर्ची मी एवढ्यात भरत नाही. नाही जमलं तर सरळ परत या. मी एका शब्दानं बोलणार नाही."

भांडायच्या तयारीने आलेल्या बाईंची या बोलण्याने पंचाईतच झाली. जिना उतरताना त्यांना वाटले, यांनी हाकलून दिले असते तर बरे झाले असते. निदान रागाच्या भरात फाटकाबाहेर पडता आले असते.

या सगळ्याचे मूळ होते घरातल्या आतल्या खोलीत.

तिथे आप्पा असत. आप्पा म्हणजे बाईंचे सासरे. एका मोठ्या हॉटेलात ते वेटर म्हणून लागले आणि हेडवेटर होऊन निवृत्त झाले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणे, आणि ताठ इतके की त्यांच्याशी बोलताना समोरचा माणूसही आपोआप सरळ उभा राही. नवी सून घरात आली त्या दिवशी सगळे पाहुणे बसलेले असताना तिला पाणी आणून दिले ते आप्पांनीच. तिच्या उजव्या हाताला उभे राहून, किंचित वाकून, ग्लासाच्या काठाला बोट न लागू देता. आजवर बाईंना इतक्या अदबीने कुणी काही दिले नव्हते. ते त्या विसरल्या नाहीत.

मग एका सकाळी दाढी करताना आप्पांच्या हातून वस्तरा गळून पडला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने थोडाफार चालू लागला. हात मात्र कोपरात दुमडून छातीला चिकटला तो चिकटलाच. बोलणेही गेले. उरले दोनच शब्द, "नाही" आणि "बघू". सरकारी कचेऱ्या या दोन शब्दांवर चालतात, तसे आप्पांचेही चालायला लागले.

चालत नव्हते ते एकच. सकाळी अंगात शर्ट घालणे. हे काम मुलाकडे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याकडे होते. मुलगा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर स्वभावाने इतके शांत की शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर नेली तरी ते "आता सावकाश मागे घ्या" एवढेच म्हणत. पण वडिलांचा आखडलेला हात बाहीत घालता घालता त्यांना दरदरून घाम फुटे. ओढले की आप्पा डोळे मिटून घेत. ओरडत नसत, आणि त्याचाच मास्तरांना जास्त त्रास होई. शेवटी एक दिवस मास्तरांनी कात्री घेतली आणि कपाटातले सगळे शर्ट पाठीतून कॉलरपासून खालपर्यंत कापले. उजवी बाहीही उभी चिरली. आता शर्ट समोरून अंगावर चढवायचा आणि मानेमागे नाडीने बांधायचा. आप्पांचे दुखणे वाचले. पाठ मात्र उघडी पडली.

त्यानंतर आप्पा बाहेरच्या खोलीत येईनासे झाले. पाठ भिंतीला लावून बसत. कुणी आले की काठीने दार ढकलून घेत. हॉटेलातले एक जुने आचारी, ज्यांच्याबरोबर त्यांनी आयुष्य काढले होते, ते एकदा संत्री घेऊन भेटायला आले. बाई आत सांगायला जाण्याआधीच खोलीतून खणखणीत आवाज आला, "नाही!"

आचारी उंबऱ्यातच थांबले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "त्यांचं मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आजारपणामुळे..."

"छे हो," आचारी संत्री स्टुलावर ठेवत म्हणाले. "माझ्या ॲप्रनची गाठ सुटलेली असली तर ते मला भटारखान्याच्या बाहेर पाऊल टाकू देत नसत. मला कळलं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही. एक शर्ट समोर ठेवून त्या नुसत्या बघत बसल्या. मशीनशेजारी लाकडी धड उभे होते, ज्याच्यावर त्या प्रत्येक नमुना चढवून पाहत. सरळ खांदे, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. आपण आजवर जे जे शिवले ते या लाकडासाठी, असे त्यांच्या मनात आले आणि त्यांना कसेसेच झाले.

पहिला शर्ट त्यांनी खांद्यावरून उघडणारा केला. गळ्यापासून मनगटापर्यंत बाहीची वरची शिवण मोकळी, आत टिचबटणे, वरून झाकणारी पट्टी. पुढची बटणे शोभेपुरती, पक्की शिवलेली. आप्पांना घातला. ते उजव्या कुशीवर झाले आणि टिचबटणे दंडात रुतली.

"नाही."

दुसऱ्यात बटणे पुढे घेतली, तर पट्टी फाकून आतले सगळे दिसू लागले. "नाही." तिसऱ्याची बाही कोपराशी अशी फुगली की मास्तर म्हणाले, "आप्पा, किटलीसारखे दिसताय." आप्पा अर्ध्या तोंडाने हसले. खूप दिवसांनी हसले. मग पुन्हा म्हणाले, "नाही."

किती शर्ट उसवले आणि किती नव्याने बेतले, याला गणती राहिली नाही. शेवटी बाईंनी सरळ बाहीचा नादच सोडला आणि आप्पांचा हात जसा होता तशीच, कोपरात वाकलेली बाही बेतली. तो शर्ट घालताना आप्पांना डोळे मिटावे लागले नाहीत. त्यांनी आरशात समोरून पाहिले, काठीच्या आधाराने वळून पाठ पाहिली, डाव्या हाताने कॉलर चाचपली.

"बघू," ते म्हणाले आणि काठी बाहेरच्या खोलीकडे रोखली.

त्या आठवड्यात आचाऱ्यांना निरोप गेला. ते आले, आप्पांसमोर बसले आणि तासभर एकटेच बोलत राहिले. मधूनमधून आप्पा "बघू" म्हणत. त्यांच्या गप्पा छान रंगल्या.

आप्पांचा व्यायाम करून घ्यायला फिजिओबाई येत. त्या दिवशी त्या शर्ट काढायला गेल्या तर तो कुठून उघडतो तेच त्यांना सापडेना. सापडले तेव्हा त्या खाटेवर बसूनच राहिल्या. "माझ्याकडे एक बाई आहेत," त्या म्हणाल्या. "खांदा उचलत नाही. मुलीच्या लग्नाला गेल्या नाहीत, कारण घालायला काही नव्हतं. त्यांना एक शिवून द्याल?"

एकीचे दुसरीला कळले, दुसरीचे तिसऱ्याला. रविवार पुरेनासे झाले. कारखान्यात बसल्या बसल्या बाई साहेबांच्या शर्टाला कॉलर लावत आणि डोक्यात कुणाचा तरी न उचलणारा खांदा घोळत असे.

एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्यांनी विषय काढला. "अहो, मी नोकरी सोडावी म्हणतेय."

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असे, आणि त्या सवयीने घरातही काही भीतीदायक ऐकले की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधी.

"दमली असशील तर रजा घे ना थोडे दिवस."

"दमले नाहीये मी. तिकडचा शर्ट मी नाही शिवला तर दुसरं कुणीतरी शिवेल. हा शिवायला कुणी नाही."

"आणि घर?"

"काही दिवस तुमच्या पगारावर ओढू. थोडं बाजूला टाकलेलं आहे माझ्याकडे." बाईंनी ताट फडताळात ठेवले. "तुमच्याकडे नवीन माणूस शिकायला आलं की पहिल्या दिवशी काय म्हणतं?"

"मला जमणार नाही म्हणतं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? शेजारी बसतो."

"मग बसा."

मास्तरांनी पाय उचलला. मग म्हणाले, "पण मी मधेच ब्रेक दाबला तर ओरडायचं नाही."

"दाबा की. स्टिअरिंगला मात्र हात लावायचा नाही."

जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या सलूनची. खुर्च्या गेल्या होत्या, पण भिंतीवरचे लांबच लांब आरसे मालकाने तसेच ठेवले होते. बाईंना ते आवडले. मदतीला कारखान्यातली काज करणारी बाई आली. तिला काजवालीच म्हणत. हात अत्यंत बारीक, जीभ तितकीच मोकळी.

"अहो, पण तुमच्या शर्टांची काजं उघडतच नाहीत," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "नुसती दिखाव्याची. मग मला कशाला आणलंत?"

"दिखाव्याची आहेत म्हणून तर नीट हवीत."

"बरं बाई. या वयात मीही तेवढ्यावरच चाललेय."

गिऱ्हाईक मात्र सहजी येईना. माणसे यायची, शर्ट उलटसुलट करून बघायची, तोंडभर कौतुक करायची आणि शेवटी म्हणायची, "छान आहे हो, पण आई घरातच असते." नवा कपडा बाहेर जाणाऱ्याला, असे सगळ्यांच्या मनात पक्के बसलेले. एकाने तर स्पष्टच विचारले, "किती दिवस वापरणार ते?" बाईंनी शर्टाची घडी घातली. तो गेल्यावर काजवाली म्हणाली, "त्याला विचारायला हवं होतं, तू तुझा किती दिवस वापरणार आहेस?"

पण चित्रकलेच्या बाईही आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दोन्ही हातांची बोटे मुळांसारखी वाकडी झालेली. "रोज सकाळी शेजारणीला बोलवावं लागतं, बटणं लावायला," त्या म्हणाल्या. "ती चांगली आहे. पण तिची सवड होईपर्यंत मी दार लावून बसून असते." बाईंनी त्यांच्यासाठी पुढून चिकटणारी पट्टी लावली, आणि पट्टीला आत एक कापडी कडी शिवली, वाकड्या बोटातही अडकेल अशी. चित्रकलेच्या बाईंनी आरशासमोर शर्ट लावला. उघडला. पुन्हा लावला. पुन्हा उघडला. मग आरशातूनच नमुनेबाईंकडे बघत म्हणाल्या, "आता शेजारीण म्हणेल, हिनं मला बोलावणंच सोडलं."

"चहाला बोलवा की," काजवाली म्हणाली.

असे दिवस मोजकेच. एरवी दुपार दुपार मशीन बंद असे. साठवलेले आटत चालले होते. मास्तरांनी सकाळची एक जादा शिकवणी घेतली होती आणि त्याबद्दल ते चकार शब्द बोलत नव्हते.

अशाच एका दुपारी साहेब स्वतः दुकानात आले. इतके आरसे बघून त्यांनी आधी केस नीट केले.

"तुमच्यासाठी काम आणलंय. लहान नाही." वृद्धाश्रम चालवणारी एक मोठी संस्था होती. तिला सगळ्या शाखांसाठी कपडे हवे होते, घालायला-काढायला सोपे. साहेबांनी पिशवीतून नमुना काढला. राखाडी गाऊन, पाठीत उघडा, तीन नाड्या. "यात सुधारणा काय करायची ते तुम्ही सांगायचं. विभाग तुमचा, माणसं तुमची, पगार आधीपेक्षा जास्त. आणि तुम्हाला हेच करायचं होतं ना? इथे बसून महिन्याला किती जणांचे शिवाल? तिथे हजारोंच्या अंगावर तुमचं काम जाईल."

बोलण्यात खोट नव्हती. बाई त्यांच्याबरोबर एक शाखा बघायला गेल्या.

जागा स्वच्छ होती, उजेड होता. व्यवस्थापिका मनाने बरी होती, फक्त घाईत होती. "सकाळी माझ्याकडे मुली किती आणि उठवायची माणसं किती, तुम्हीच बघा," ती म्हणाली. "एकाचा गाऊन दुसऱ्याला चालला पाहिजे. धुऊन आल्यावर कुणाचा कुठला, हे शोधत बसायला वेळ नसतो. रंग एकच बरा."

मोठ्या खोलीत माणसे ओळीने बसली होती, सगळी राखाडी. लांबून बाई कोण आणि पुरुष कोण, तेही कळत नव्हते. खिडकीजवळच्या एका आजोबांपाशी नमुनेबाई थांबल्या. "तुम्हाला रंग कुठला आवडतो हो?"

आजोबांनी आधी मागे वळून पाहिले, दुसरे कुणी आहे का म्हणून. "मला विचारताय?"

"तुम्हालाच."

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "आठवून सांगतो," ते म्हणाले.

तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि बाईंना निघावे लागले.

त्या गाऊन घेऊन घरी आल्या. वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. दुखत नाही, हेही काही कमी नाही. त्या मुलींचे कष्ट वाचतात. काखेत सैल केला, मानेशी मऊ पट्टी लावली, तर बराच सुसह्य होईल. मास्तरांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले. "तुला बरं वाटेल ते कर," म्हणाले. त्यांचा पाय जमिनीवर होता, पण दाबलेला नव्हता.

आप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, निळ्या रेघांच्या शर्टात. बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"आप्पा, हे जरा बघता का? खरंखरं सांगा."

आप्पांनी डाव्या हाताने कापड चोळून पाहिले. उलटे केले. नाड्या दिसल्या. बाई "नाही"ची वाट बघत होत्या. तो शब्द ऐकायला त्यांचे कान आसुसले होते, हे त्यांना तेव्हाच कळले. एकदा ते म्हणाले की विषय संपेल.

आप्पा काही म्हणाले नाहीत. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले. घर लहान होते. दुकान, साठवलेले पैसे, जादा शिकवणी, साहेबांनी राखलेली खुर्ची, सगळी बोलणी त्यांच्या कानांवरूनच जात होती. मग त्यांनी गाऊन मांडीवर ठेवला, आणि सकाळी शर्ट घालायला करत तसा डावा हात पुढे केला.

"नको आप्पा," बाई म्हणाल्या. "राहू दे."

हात पुढेच होता. चेहऱ्यावर राग नव्हता, नाराजी नव्हती. कुणाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आयुष्यभर जपलेली ती अदब तेवढी होती.

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि हळूच खाली आणून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. मग गाऊनची घडी करून तो पिशवीत घातला.

सकाळी त्यांनी साहेबांना फोन केला. "माझ्याच्यानं नाही व्हायचं साहेब."

"अहो, तुम्ही नाही केलं तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेईन. गाऊन तर होणारच आहेत."

"करून घ्या. खरंच घ्या. फक्त काखेत चार बोटं सैल ठेवा, आखडलेल्या हाताला काचतं. आणि नाड्या मानेच्या मधोमध नकोत, बाजूला घ्या. उताणं झोपल्यावर गाठ टोचते."

तिकडे साहेब लिहून घेत असावेत. मग म्हणाले, "चमत्कारिक बाई आहात."

"नमुनाच आहे मी," बाई म्हणाल्या. मग धीर करून त्यांनी विचारले, "माझी खुर्ची...?"

"ती मागच्याच महिन्यात भरली हो," साहेब ओशाळून म्हणाले. "तुम्हाला सांगायचं कसं, तेच सुचत नव्हतं."

बाईंनी फोन ठेवला. काजवालीने विचारले, "काय झालं?" "काही नाही," बाई म्हणाल्या. "खुर्ची गेली." आणि त्यांना वाटले होते तेवढे वाईट वाटले नाही. परतीचा रस्ता बघत बसायचे काम तरी संपले.

पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. शाळेच्या गणवेशांच्या चड्ड्या आखूड कर, कुणाच्या पडद्यांना दुमड घाल, असली कामे त्यांनी घेतली आणि त्यात कमीपणा मानला नाही. त्या कामांवर भाडे निघे आणि उरलेल्या वेळात हवे ते शिवता येई. फिजिओबाई नवी माणसे पाठवत राहिल्या. चित्रकलेच्या बाईंनी दुकानासाठी पाटी रंगवून दिली, वाकड्या बोटांत ब्रश अडकवून. अक्षरे थोडी डुगडुगत होती, पण लांबून वाचता येत होती.

आणि एक दिवस वृद्धाश्रमातल्या कामाची पाळी संपवून एक मुलगी दुकान शोधत आली. "तुम्हीच का त्या, रंग विचारून गेलेल्या? खिडकीजवळच्या आजोबांनी मला भंडावून सोडलंय. रोज म्हणतात, त्या बाईंना निरोप दे, आठवलं. चॉकलेटी."

बाईंनी त्याच दिवशी कापड आणले. तो शर्ट आजोबांना मिळाल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी त्या मुलीला जवळ बोलावले आणि हळूच सांगितले, "मला पिवळा आवडायचा." व्यवस्थापिकेने आधी कुरकुर केली. मग प्रत्येकाच्या कपड्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करून धुवायला टाकायचे ठरले. एका शाखेतल्या एका खोलीपुरते. तेवढेच. धंदा म्हणून साहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. पण मशीन आता दुपारी बंद नसे, आणि मास्तरांची जादा शिकवणी सुटली.

आप्पा गेले ते दुपारी. जेवण झाले, चहा करू का म्हणून बाईंनी विचारले, तर "बघू" म्हणाले आणि जरा आडवे झाले. चहाच्या वेळेला हाक मारली तेव्हा ते नव्हते.

संध्याकाळपर्यंत माणसे येणार होती. हॉटेलातली जुनी मंडळी येणार होती, आचारी तर निघालेही होते. दोघांनी मिळून आप्पांचे अंग पुसले. मास्तरांनी दाढी करून दिली, सावकाश, कानशिलापासून हनुवटीपर्यंत. बाईंनी कपाटातून पांढरा शर्ट काढला. नवा होता, अजून अंगाला लागला नव्हता.

"अगं," मास्तर म्हणाले. "हात बघ."

उजवा हात सैल पडला होता. इतकी वर्षे छातीला धरून ठेवलेला तो हात गादीवर सरळ, मोकळा पडला होता. मास्तरांनी तो उचलला. कोपर सहज वाकले, सहज सरळ झाले. ते तसेच हात धरून बसले. त्यांना रडू आले ते तेव्हा.

शर्ट घातला. डावी बाजू नेहमीसारखी बसली. उजवी बाही मात्र वाकलेल्या हातासाठी बेतलेली. आता सरळ हातावर तिचे जास्तीचे कापड कोपराशी गोळा झाले, चुण्या पडल्या, कफ मनगटापासून वर ओढला गेला. मास्तरांनी ती बाही दोनदा खाली ओढून पाहिली. ती पुन्हा वर गेली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पांढरा दोरा ओवला आणि खाटेच्या कडेला बसल्या. कोपराशी गोळा झालेले कापड आत मुडपून त्या बारीक टाके घालू लागल्या. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली, दाराशी चपला वाजल्या. मास्तर बाईंच्या हातांकडे बघत होते. प्रत्येक टाक्याला बाई आपल्या डाव्या हाताचे बोट बाहीच्या आत घालून ते कापड आणि आप्पांचा हात यांच्या मधे धरत होत्या, आणि मग सुई टोचत होत्या.

"आता लागणार नाही गं त्यांना," मास्तर म्हणाले.

"माहितीय," बाई म्हणाल्या, आणि बोट तसेच मधे धरून त्यांनी पुढचा टाका घातला.